'उ. सातारा' : एका कर्ण्याचा फेरतपास

२००८ साली आमच्या भागातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेत मी दोन पानांचा लेख लिहिला होता. पाटणजवळच्या एका घरात जपून ठेवलेल्या जुन्या लाऊडस्पीकरविषयी तो होता. एक लाकडी पेटी, पेटीत ॲम्प्लिफायर आणि वर पत्र्याचा मोठा कर्णा. ऑगस्ट १९४२ मध्ये कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, त्याची हाक याच कर्ण्यावरून गावोगाव दिली गेली, असे मी त्यात बिनदिक्कत लिहिले होते. घरच्यांनी सांगितले, मी लिहिले. लेखाचे कौतुक झाले, एका शाळेने मला व्याख्यानालाही बोलावले.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात त्या घरातला नातू माझ्या दुकानात आला. हातात माझ्याच लेखाची झेरॉक्स. पुण्याकडच्या एका संग्राहकाने त्या कर्ण्याला चांगली रक्कम देऊ केली होती, पण वस्तू १९४२ ची असल्याचा लेखी दाखला हवा, अशी त्याची अट होती. घराचे छप्पर पावसाळ्याआधी बदलायचे होते, तेव्हा पैशाची गरज खरी होती. नातू म्हणाला, "काका, तुम्ही लिहिलेलंच आहे. तेच परत एका कागदावर लिहून सही करून द्या, बास."

सही करायला मी पेन उचलले आणि थांबलो. कारण लेख लिहिताना मी ती पेटी उघडलीच नव्हती. मी आयटीआयचा वायरमन. कराडात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नऊ वर्षे काढली, नंतर पाटणला स्वतःचे दुकान टाकले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे काही आहे ते वाचनालयांतल्या पुस्तकांचे आणि गावोगावच्या माळ्यांवर सापडलेल्या कागदांचे. पण पेटी उघडून आत काय आहे ते सांगणे हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. तो माणूस पेटीचे झाकण न काढता लेख लिहून मोकळा झाला होता. मी नातवाला म्हटले, "आठ दिवस दे. आधी बघतो, मग लिहितो."

त्या आठ दिवसांचे झाले दोन महिने. त्यात जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

कर्णा आपल्याकडे आला कसा

वस्तू तपासण्याआधी तिचा काळ माहीत हवा. विजेवर चालणाऱ्या लाऊडस्पीकरचा जाहीर सभेसाठी उपयोग अमेरिकेत १९१५ च्या सुमारास सुरू झाला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात 'मॅग्नाव्हॉक्स' नावाचा कर्णा तयार केला आणि त्या वर्षीच्या नाताळात सॅनफ्रान्सिस्कोतल्या गर्दीला तो ऐकवला. आज घरोघर जो कागदी कोनाचा स्पीकर असतो, त्याची घडण चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये पक्की केली. कर्ण्याच्या मागे बसणारे, लहान पडद्याचे जोरकस 'युनिट' बेल प्रयोगशाळेतल्या व्हेंट आणि थुरास यांनी १९२६ च्या सुमारास तयार केले. बोलपट आले तेव्हा थिएटरांत हीच जात घुमली. आपल्याकडे 'आलम आरा' १९३१ मध्ये आला, 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये.

सभांच्या व्यासपीठावर कर्णा आणण्याचे श्रेय मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'ला जाते. नाव परदेशी, पण कंपनी मूळच्या सिंधमधल्या मोटवाने घराण्याची. नानिक मोटवाने यांनी १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांसाठी माईक आणि कर्णे पुरवले. गांधीजींच्या, नेहरूंच्या त्या काळच्या छायाचित्रांत त्यांच्या तोंडासमोरच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी वाचता येते. १९४२ च्या ऑगस्टनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. त्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते, पुढे सुटले.

म्हणजे १९४२ मध्ये महाराष्ट्रात लाऊडस्पीकर होता, याबद्दल वाद नाही. सातारा जिल्ह्यात त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले आणि ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह लोक गोळीबाराला बळी पडले, याबद्दलही नाही. मी २००८ मध्ये एवढ्यावरच समाधान मानले होते. वस्तू त्या काळात असू शकत होती, म्हणून ती होतीच, असे मी धरून चाललो. 'असू शकते' आणि 'होती' यांच्यामध्ये जो पुरावा लागतो, तो मी शोधलाच नव्हता.

दोन वेगळे प्रश्न

जुना स्पीकर समोर आला की दोन प्रश्न विचारावे लागतात. एक, तो अस्सल आहे का? म्हणजे जो म्हणून सांगितला जातो तोच आहे का? दोन, त्याची प्रकृती कशी आहे? लोक हे दोन प्रश्न एकत्र करतात आणि तिथेच फसतात. झकास वाजणारा स्पीकर बनावट असू शकतो. अगदी मुका झालेला अस्सल असू शकतो. दुरुस्त झालेला म्हणजे बनावट नव्हे. कागदपत्रांच्या शोधात आपल्याकडे अस्सल, नक्कल आणि बनावट असे तीन शब्द पूर्वीपासून आहेत. वि. का. राजवाडे यांना ज्या वाईत जुन्या दप्तरांचा ठेवा मिळाला, ती इथून फार लांब नाही. नक्कल प्रामाणिकपणे केलेली असते, बनावट फसवण्यासाठी. स्पीकरच्या बाबतीत यात चौथा शब्द घालावा लागतो : 'जुळवलेला'. कर्णा एकाचा, युनिट दुसऱ्याचे, पेटी तिसऱ्याची. माईकवाल्याचा धंदा जत्रेच्या चार दिवसांत बंद पडून चालत नाही. हाताला येईल ते बसवून तो वेळ मारून नेतो. त्यामुळे आपल्या भागातले बहुतेक जुने सेट जुळवलेलेच असतात, आणि त्यात लबाडी नसते.

लबाडी असते ती बाजारात. मुंबईच्या चोर बाजारात पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन मिळतात. पेटी नवी, कर्णा नवा, आत एखाद्या मोडक्या पोर्टेबल ग्रामोफोनचे यंत्र आणि वर कुत्र्याच्या चित्राची ओळखीची पाटी. पर्यटक ते शंभर वर्षांचे म्हणून घेऊन जातात. स्पीकरमध्येही हेच चालते. नामांकित परदेशी कंपनीची पाटी साध्या स्पीकरला चिकटते, फाटलेल्या कागदाला आतून डिंक आणि वरून काळे पॉलिश लागते, मध्यावर नवी टोपी बसते आणि 'ओरिजिनल' म्हणून दुप्पट किंमत होते.

म्हणून मी पाटी शेवटी बघतो. आधी पाटीचे स्क्रू आणि रिव्हेट बघतो. पाटी मुळापासून तिथे असेल तर तिच्याखालचा रंग बाजूच्या रंगापेक्षा ताजा असतो, ऊन-पाऊस न लागलेला. पाटीच्या कडेला मोकळी भोके दिसली, तर तिथे आधी दुसरे काही तरी होते. परदेशी स्पीकर असेल तर चौकटीवर ठोकलेला आकड्यांचा शिक्का उपयोगी पडतो. अमेरिकन कारखान्यांत पहिले तीन आकडे कारखान्याचे असतात. २२० म्हणजे जेन्सन, १३७ म्हणजे सीटीएस. पुढे साल आणि आठवडा. पण जुन्या शिक्क्यात सालाचा एकच आकडा असतो. ६ म्हणजे १९४६, १९५६ की १९६६, हे बाकीच्या पुराव्यावरून ठरवावे लागते. शिक्का असला तरी डोके चालवावे लागतेच.

देशी मालावर असे शिक्के क्वचित सापडतात. पण आपल्याकडे दुसऱ्या खुणा आहेत, आणि त्या आपल्याच लोकांना वाचता येतील अशा आहेत. पाटीवर पत्ता 'बॉम्बे ४' असा असेल तर तो जुना टपाल विभाग. 'बॉम्बे ४०० ००४' असा सहा आकडी असेल तर पिनकोड आला, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा माल. 'मुंबई' असेल तर १९९५ नंतरचा. व्हॉल्ववर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे 'बीईएल' नाव असेल तर १९५४ च्या आधीचा प्रश्नच नाही, कारण कंपनीच त्या वर्षी स्थापन झाली. पावतीवर आणे-पै असतील तर ती बहुधा १९५७ च्या आधीची, नये पैसे असतील तर त्यानंतरची. यांपैकी कोणतीही खूण वस्तूचे नेमके साल सांगत नाही. ती एवढेच सांगते, की 'याच्या आधीची मी नाही'. तारखेच्या बाबतीत तेवढ्याने पुष्कळ खोटे गळून पडते.

पेटी

त्या घरी गेलो तेव्हा पेटी ओसरीत कोपऱ्यात होती. वर फुलाफुलांचे प्लॅस्टिकचे मेजपोस आणि त्यावर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. २००८ मध्येही मेजपोस होते, आणि मी ते उचलले नव्हते. या वेळी उचलले. खाली पांढऱ्या रंगात पेंटरने काढलेली अक्षरे होती, निम्मी उडालेली. मालकाचे नाव वाचता येत नव्हते. त्याखालची ओळ तिरप्या उजेडात, बॅटरी अगदी आडवी धरून वाचली : 'मु. पो. पाटण, जि. उ. सातारा'.

त्या 'उ' वर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. नातवाला वाटले, ते आडनावाचे अक्षर असेल. नव्हते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले : उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा राहिला. आज सांगलीत असलेली वाळवा, तासगाव ही गावे त्याआधी सातारा जिल्ह्यातच होती. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९२० साली जन्मले ते सातारा जिल्ह्यात. म्हणजे 'जि. उ. सातारा' असे कोणी पेटीवर रंगवून घेतले असेल, तर ते १९४९ च्या आधी नाही आणि १९६० नंतर फार काळ नाही. या अकरा वर्षांच्या खिडकीत ती अक्षरे बसतात. १९४२ त्या खिडकीच्या बाहेर राहते.

पण घाई करून चालणार नव्हते. एकदा घाई केलीच होती. अक्षरे पेटीचा काळ सांगतात, तोही ती रंगवल्याचा. पेटी जुनी असून नंतर रंगवली असेल तर? किंवा आतले यंत्र जुने आणि पेटी नवी केली असेल तर? तेव्हा एकेक भाग सुटा करणे आले.

आतले यंत्र

ॲम्प्लिफायर चार स्क्रूंवर बसला होता. पेटीच्या तळात भोके चारच, पाचवे नाही. म्हणजे या पेटीत दुसरे यंत्र कधी बसलेले नव्हते. पेटी या यंत्रासाठीच केली, एवढे त्यावरून म्हणता येते.

यंत्रातले व्हॉल्व मी पुरावा म्हणून धरले नाहीत. व्हॉल्व जळतात आणि बदलतात. दोन तर उघडच नंतरचे होते, त्यांवर बीईएल लिहिलेले होते. मी बैठकी बघितल्या, कारण पत्र्याला भोक पाडून कारखान्यातच बसवलेली बैठक सहसा बदलत नाही. मागच्या मोठ्या व्हॉल्वच्या बैठका आठ पिनांच्या होत्या. त्या जातीच्या बैठका १९३० च्या दशकाच्या मध्यापासून आहेत, म्हणजे १९४२ ला चालल्या असत्या. पुढच्या दोन लहान बैठका मात्र नऊ पिनांच्या होत्या. ही नऊ पिनांची लहान बैठक दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस आली. ती नंतर कोणी घातली असेल का, हे बघायला भिंगाखाली भोकाची कड तपासली. पत्र्याचा मूळ राखाडी रंग भोकाच्या कडेवरून आतपर्यंत वळला होता. भोक आधी पाडले, रंग नंतर दिला. म्हणजे बैठक मूळची.

हे यंत्र १९४२ मध्ये अस्तित्वात असणे शक्य नव्हते. माझ्या लेखातले वाक्य तिथे, ओसरीवर, चहा निवत असताना मोडले.

आणखी एक गोष्ट दिसली. यंत्राच्या बाजूला व्हायब्रेटरची बैठक होती. गाडीच्या बॅटरीचा सहा किंवा बारा व्होल्टचा सपाट करंट गुणगुणणाऱ्या पत्तीने तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायचा, अशी ती युक्ती. घरात वीज नसलेल्या मुलखासाठी केलेले हे यंत्र. कोयनेच्या पाण्यावरची वीज १९६२ पासून तयार होऊ लागली. त्याआधी पाटण खोऱ्यातल्या माईकवाल्याला यंत्राबरोबर बॅटरीचे ओझेही वाहावे लागत असणार.

कर्णा आणि युनिट

कर्ण्याच्या मागे जे युनिट होते, ते खोलायची गरजच पडली नाही. बाहेरूनच चपटे, रुंद चकतीसारखे मॅग्नेट दिसत होते. हे फेराइट. जुनी युनिटे अल्निकोची असत : ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे उंच, जाड नळकांडे. त्या धातूचा शोध जपानात १९३१ मध्ये लागला. फेराइट म्हणजे भाजलेल्या मातीसारखे कडक मॅग्नेट, ते फिलिप्सने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणले. पुढे १९७८ च्या सुमारास झैरेमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, अशांततेने कोबाल्ट महाग झाले आणि अल्निको जवळजवळ मागे पडले. या युनिटच्या पाटीवर तर मुंबईचा सहा आकडी पिनकोडच होता. १९७२ नंतरचा माल. पहिले युनिट कधी तरी जळले आणि हे बसवले.

कर्ण्याचा पत्रा मात्र काही बोलेना. त्यावर पाटी नाही, शिक्का नाही. बोल्टच्या डोक्याखाली रंगाचे चार थर दिसले : चंदेरी, हिरवा, पुन्हा चंदेरी, वर राखाडी. कडेला मोठा पोचा. घरचे म्हणतात, तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माळ्यावरून पडून आला. असेल. पोच्याच्या खळग्यात हिरव्या रंगाचे तडे आहेत आणि वरचा चंदेरी सलग आहे, म्हणजे पोचा हिरव्यानंतर आणि दुसऱ्या चंदेरीच्या आधी आला. इतके रंगावरून कळते. भूकंप की बैलगाडी, ते पत्रा सांगत नाही.

प्रकृती

तारखेचे काम संपल्यावर प्रकृती पाहिली. हे वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा सेट असेल तर उपयोगी पडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुने व्हॉल्वचे यंत्र सापडले की पहिला मोह प्लग लावून बघायचा होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षे पडून असलेले कंडेन्सर आतून वाळलेले असतात. एकदम २३० व्होल्ट मिळाले तर ते फुटतात आणि ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. आम्ही दुकानदार सिरीज बल्ब लावतो. यंत्राच्या वाटेत एक साधा दिवा. दिवा भगभगला तर आत शॉर्ट आहे. या यंत्राला मी तेवढेही दिले नाही. तो आता वाजवायचा नाही, वाचायचा आहे.

युनिटच्या तारा सोडवून मीटर लावला. १६ ओहमचे युनिट मीटरवर ११ ते १३ च्या आसपास दाखवते, ८ ओहमचे सहा-साडेसहा. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटलेली. हे १२ दाखवत होते. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. कर्ण्यातून स्पष्ट 'टक' आला. घरातले लहान मूल दचकले. युनिट कर्ण्याशिवाय मोठ्याने वाजवू नये, हेही सांगून ठेवतो. पुढे हवेचा दाब नसला की पडदा वाजवी पलीकडे हलतो आणि फाटतो.

कागदी कोनाचा स्पीकर असेल तर दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच समान दाबावे. खरखर लागली तर कॉइल मॅग्नेटला घासते आहे. आपल्या भागात याचे कारण बहुतेक वेळा पाऊस. कोयनानगरला वर्षाला साडेचार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कागद ओल धरतो, बुरशी येते, लोखंडाचा गंज फटीत उतरतो. साधारण १९७० नंतरच्या बऱ्याच स्पीकरना कडेने फोम असतो. तो बोटाला गुळाच्या चुऱ्यासारखा लागला की संपला. फोम बदलता येतो, तो बदलला म्हणून स्पीकर बनावट होत नाही. मात्र विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजे. जुन्या कापडी कडा असलेले स्पीकर याच ओलीत जास्त टिकलेले मी पाहिले आहेत.

जिला विचारले नव्हते ती

माझे खोलणे-जोडणे चालू असताना नातवाची आजी उंबऱ्याशी बसून बघत होती. वय नव्वदीच्या घरात. २००८ मध्ये मी तिच्या मुलांशी बोललो होतो, पुतण्यांशी बोललो होतो. तिने दिलेला चहा घेतला होता. तिला विचारले काहीच नव्हते.

या वेळी विचारले, "आजी, ही पेटी घरात कधी आली, आठवतं?"

"मी लगीन होऊन आले तवा नव्हती," ती म्हणाली. "थोरल्याच्या बारशाला व्हती. त्याच्यावरच गाणी लावली. मामंजी म्हणालं, पोराच्या कानाचं पडदं जातील."

"आणि बेचाळीसच्या मोर्चाला आजोबा गेले होते ना?"

"गेलं व्हतं की. चालत. हातात झेंडा व्हता म्हणं. कर्णा कुठला? पायात वाहाण न्हवती, कर्णा कुठनं आणत्यात?"

नातू तिच्याकडे बघतच राहिला. "आजी, मग तू आजपर्यंत बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलं?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितले. मी मीटरच्या तारा गुंडाळायला घेतल्या.

तिचे लग्न झाले त्या वर्षाची लग्नपत्रिका सासरच्या ट्रंकेत निघाली : १९५२. थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५६. १ जून ही तारीख आपल्याकडे मास्तरांनी दिलेली असते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे दिवस सोडून द्यावा आणि सालही एखाद्या वर्षाने इकडेतिकडे धरावे. तरीही आजीची आठवण पेटीला १९५२ ते १९५७ च्या दरम्यान आणून ठेवते. पेटीवरची अक्षरे १९४९ ते १९६० सांगतात. नऊ पिनांच्या बैठका १९४० च्या दशकाच्या अखेरीनंतर, असे सांगतात. आजीला 'उ' चा अर्थ माहीत नव्हता, आणि पेंटरला बारशाची कल्पना नव्हती. तीन वेगळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकाच ठिकाणी भेटले.

मग कर्णा कशाचा?

तो काळ आठवून बघावा. १९५४ च्या सुमारास कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि खोऱ्यातली गावे उठू लागली. १९५६ पासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी जिल्हा दणाणला. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांची मोठी निदर्शने केली. त्या वर्षांत पाटणसारख्या ठिकाणी बॅटरीवर चालणारा सेट ज्याच्याकडे असेल त्याला फुरसत नसणार. आजी सांगते, "सभांना न्यायचं, जत्रंला न्यायचं, तमाशाला न्यायचं. कुनाचं राज्य, कुनाचा पक्ष, पेटीला काय?" कोणत्या सभेत तो होता याचा कागद माझ्याकडे नाही. म्हणून 'संयुक्त महाराष्ट्राचा कर्णा' असे नवे बिरूद मी त्याला लावणार नाही. एक चूक दुरुस्त करताना तिच्याच जातीची दुसरी करायची नव्हती.

नातवाचा प्रश्न मात्र वेगळा होता. रात्री मला रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने विचारला. "काका, म्हणजे आजोबा खोटं सांगत होते?"

मला तसे वाटत नाही. आजोबा १९४२ ला चालत गेले हे आजीने ऐकले आहे, आणि त्यावर शंका घ्यायला माझ्याकडे कारण नाही. दहा-बारा वर्षांनी त्यांनी कर्णा घेतला आणि सभांमध्ये फिरवला, हे पेटी सांगते. म्हातारपणी नातवंडांना गोष्टी सांगताना मोर्चा आणि कर्णा एकाच ओसरीवर शेजारी शेजारी आले. ऐकणाऱ्या पोरांनी ते जोडले. त्या पोरांनी मोठे होऊन ते मला सांगितले आणि मी छापले. तोंडच्या गोष्टीला पाय फुटतात, ते पुन्हा कापता येतात. पण छापील लेखाची झेरॉक्स निघते आणि ती दाखला म्हणून फिरते. या साखळीत सगळ्यात मोठा दोष शेवटच्या कडीचा, म्हणजे माझा आहे.

मी नातवाला दाखला दिला. त्यात चार वाक्ये आहेत. 'पेटी व ॲम्प्लिफायर एकमेकांचे असून ते १९४९ ते १९६० या काळातले आहेत, बहुधा १९५२ ते १९५७ मधले. कर्ण्याचा काळ स्वतंत्रपणे ठरवता येत नाही. युनिट १९७२ नंतर बदललेले असून चालू स्थितीत आहे. १९४२ च्या आंदोलनाशी या संचाचा संबंध असल्याचा पुरावा नाही आणि यंत्राची घडण पाहता तो संभवत नाही.'

संग्राहकाने तो वाचून नकार कळवला. छपराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग यंदा झाला, उरलेला पुढच्या उन्हाळ्यावर गेला. याची बोच मला आहे, आणि ती असायला हवी. पेटीवरचे मेजपोस नातवाने काढून टाकले आहे. 'उ. सातारा' ही अक्षरे आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात, आणि शेजारच्या शाळेतली मुले आजीला येऊन विचारतात की हा 'उ' कशाचा.

२००८ च्या त्या स्मरणिकेतील माझा लेख कोणी संदर्भ म्हणून वापरत असेल, तर त्यातील १९४२ चा उल्लेख कृपया रद्द समजावा. तो चुकीचा होता. मी पेटी उघडली नव्हती आणि आजीला विचारले नव्हते.